दालनात उभ्या माणसाला काय म्हणायचं? नव्या संग्रहालयांसाठी पदनामांचा मार्गदर्शक

फलक रंगवून होतो, कपाटांना काचा बसतात, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून बैठकाही होतात. मग शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवतं, की दारात आणि दालनात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बिल्ल्यावर काय छापायचं ते ठरलेलंच नाही. बहुतेक ठिकाणी हा निर्णय छापखान्यात उभ्याउभ्या होतो. "लिहा हो, कर्मचारी."

ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. संस्थेचे सचिव, शाळेत छोटं संग्रहालय मांडणारे मुख्याध्यापक, नगरपालिकेतले लिपिक, महाविद्यालयाच्या इतिहास विभागातले प्राध्यापक, किल्ल्यावरच्या वस्तू जमवून गावातच खोली उघडणारी तरुण मंडळी, अशा सगळ्यांसाठी. मराठवाड्यात ही परंपरा जुनी आहे. तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या आणि पैठणचं बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभं राहिलं, आणि आज दोन्ही शासकीय संग्रहालयं त्यांच्याच नावानं ओळखली जातात. वस्तू जमवण्याचं वेड आपल्याकडे आहेच. वस्तूंशेजारी उभ्या माणसाचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो.

पदनामाकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवा. या माणसाला काय विचारावं हे येणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि त्या माणसाला ते उत्तर द्यायची मुभा हवी. नाव चांगलं आणि मुभा शून्य असेल, तर साधं "कर्मचारी" परवडलं.

पहिलं काम: प्रश्न लिहून काढा

शब्दांकडे वळू नका अजून. एका रविवारी आणि एका आठवडी बाजाराच्या दिवशी वही घेऊन दाराजवळ बसा. संग्रहालय अजून उघडलं नसेल तर जवळच्या एखाद्या संग्रहालयात जाऊन बसा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. साधारण असं ऐकू येईल:

"पाणी कुठाय प्यायला?"
"मामा, फोटो काढू द्यायलेत का आत?"
"हे खरंच्या खरं हाय का प्लास्टरचं?"
"याची किंमत किती असंल?"
"सर, चौथीची पोरं आहेत, अर्ध्या तासात उरकायचंय. सांगणारं कोणी आहे का?"

पाणी, स्वच्छतागृह आणि बसायला जागा, या तीन प्रश्नांनी वहीचं पहिलं पान भरेल. इतिहासाचे प्रश्न नंतर येतात आणि ते बहुधा वस्तूच्या समोर उभं राहून विचारले जातात, दारात नाही. म्हणजे दारातल्या माणसाचं काम आणि दालनातल्या माणसाचं काम वेगळं आहे. वहीतूनच हे दिसतं, बैठकीत बसून दिसत नाही.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास येतो आणि त्याची तयारी फार थोडे लोक करतात. कोणीतरी रुमालाची गाठ सोडतो. आत दोन नाणी, एखादा मणी, मातीच्या बाहुलीचं मुंडकं. तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहन काळापासूनची वस्तीची ठिकाणं. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मातीत नांगराला किंवा पहिल्या पावसाला काहीतरी वर येतंच. तो माणूस विचारतो, "हे काय असंल? ठिवून घेता का?" हा प्रश्न अभिरक्षकाला (क्युरेटरला) विचारला जात नाही, दारात जो पहिला भेटतो त्याला विचारला जातो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं ही सापडणाऱ्याची जबाबदारी आहे. दारातल्या माणसानं किंमत सांगायची नाही, वस्तू ठेवून घ्यायची नाही, मोडीला देऊ नका एवढं सांगायचं, आणि कोणाकडे जायचं ते सांगायचं. आता त्याच्या बिल्ल्यावर "पुरातत्त्व तज्ज्ञ" असं लिहिलेलं असेल तर? शेतकरी वस्तू हातात देऊन मोकळा होईल, आणि उद्या ती कुठे गेली म्हणून विचारणा या गरिबाला होईल. चुकीच्या पदनामाचा फटका असा बसतो.

दुसरं काम: अधिकारांची यादी

वहीतल्या प्रश्नांचे गठ्ठे करा. सहसा चार निघतात. दार आणि तिकीट; दालनावर नजर; माहिती सांगणं; वस्तू हाताळणं, म्हणजे कपाट उघडणं, पुसणं, नोंदवहीत लिहिणं. छोट्या ठिकाणी पहिली तीन कामं एकच माणूस करतो. त्यात काही बिघडत नाही. चौथं मात्र वेगळंच ठेवा. ज्याच्या सहीवर वस्तूंची नोंदवही चालते तो अभिरक्षक. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात हे रीतसर पद आहे. "उपअभिरक्षक", "कनिष्ठ अभिरक्षक" असली नावं शोभेसाठी वाटू नका. चोरी झाली, वस्तू फुटली, तर पोलीस आणि लेखापरीक्षक त्या शब्दावरच बोट ठेवतात.

आता प्रत्येक गठ्ठ्यापुढे लिहा, की हा माणूस कोणालाही न विचारता काय करू शकतो. बंद असलेलं दालन उघडून दाखवू शकतो का? म्हातारी बाई दमली तर ऑफिसातली खुर्ची आणून देऊ शकतो का? उशिरा पोचलेल्या सहलीसाठी दार अर्धा तास जास्त उघडं ठेवू शकतो का? फ्लॅश मारणाऱ्या पाहुण्याला, तो नगरसेवकाचा भाचा असला तरी, थांबवू शकतो का? "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणायला त्याला मोकळीक आहे का? ही शेवटची मोकळीक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नसली की माणूस ठोकून देतो, आणि मग मूर्तीचं वय आठवड्याला शंभर वर्षांनी वाढत जातं.

यादीत एकही ओळ आली नाही तर पदनामात "अधिकारी", "समन्वयक", "व्यवस्थापक" यातलं काहीही घालू नका. आधी दोन ओळी तरी मिळवा.

कागदावरचं नाव आणि बिल्ल्यावरचं नाव

नवख्यांची सगळ्यात जास्त अडचण इथं होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शासकीय किंवा नगरपालिकेच्या संग्रहालयात पदं आकृतिबंधानं, म्हणजे ठरवून दिलेल्या पदांच्या तक्त्यानं, मंजूर झालेली असतात. पगारपत्रकावर "शिपाई", "पहारेकरी", "परिचर" असं जे असेल ते तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. बदलायचा हट्टही धरू नका, कारण वेतनश्रेणी, बढती, निवृत्तिवेतन सगळं त्या शब्दाला बांधलेलं असतं. पण तो माणूस रोज करतो ते काम सांगणारं नाव बिल्ल्यावर असावं, असा साधा कार्यालयीन आदेश वरिष्ठांकडून मागता येतो. अर्जात "पदनाम बदल" असे शब्द वापरू नका. फाईल वर्षभर फिरेल. "ओळखपत्रावर कामाचे स्वरूप नमूद करणेबाबत" असं लिहा.

ट्रस्टचं संग्रहालय असेल तर काम सोपं आहे. विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करा, त्यात पदनाम आणि अधिकार दोन्ही लिहा, आणि नेमणुकीच्या पत्रात तेच शब्द घ्या. ठरावात एक, पत्रात दुसरं आणि बिल्ल्यावर तिसरं, असा घोळ अगदी सुशिक्षित संस्थांतही दिसतो.

तिसरा प्रकार कंत्राटी सुरक्षारक्षकांचा. ते एजन्सीचे कर्मचारी असतात आणि एजन्सी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याखाली चालते. त्यांचा गणवेश लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणंही कायद्याला मान्य नाही. अशा माणसाला दालनात उभं करून बिल्ल्यावर "मार्गदर्शक" लिहिलं की त्याचे तीन मालक होतात: एजन्सी, तुम्ही आणि पाहुणा. त्याला "सुरक्षा" हेच नाव राहू द्या. माहिती सांगायची त्याला हौस असेल (आणि अनेकांना असते, दिवसभर त्या मूर्तींबरोबर तेच तर असतात) तर एजन्सीशी करारात ते काम आणि त्याचा मोबदला लिहून घ्या, मगच नाव बदला.

मोबदल्याचा विषय निघालाच आहे तर आत्ताच बोलून घेतो. नाव वाढवून पगाराचा प्रश्न मिटत नाही. "वॉचमन"चा "अभ्यागत अनुभव सहायक" केला आणि हातात पडणारी रक्कम तीच राहिली, तर त्या माणसाला त्यात सन्मान दिसत नाही, चेष्टा दिसते. पैसे वाढवणं शक्य नसेल तर नाव साधं ठेवा आणि बसायला बरी खुर्ची द्या.

मोठी नावं लोकांच्या तोंडी बसतात का, हेही बघा. २०२४ मध्ये शासनानं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून "ग्रामपंचायत अधिकारी" असं नाव दिलं. कागद बदलले. गावातली माणसं अजून "ग्रामसेवक आलेत का?" असंच विचारतात आणि समोर आले की "भाऊसाहेब" म्हणतात. तुमच्या संग्रहालयातही हेच होणार आहे.

शब्द चाळून घेणं

आता शब्दांकडे. प्रत्येक शब्दाला आपल्या भागात आधीचा काही वास असतो. तो ओळखून मग निवडा.

*पहारेकरी, रखवालदार, वॉचमन.* या नावांचा रोख वस्तूंकडे असतो, माणसांकडे नाही. पाहुणा आत शिरतानाच आपण चोर ठरल्यासारखा चालतो. रात्रीच्या ड्युटीला हीच नावं योग्य आहेत. दिवसा दालनात नकोत.

*शिपाई.* शाळा, तहसील, बँक, सगळीकडे हा शब्द आहे. त्यामुळे लोक त्याला चहा सांगतात, फाईल न्यायला सांगतात. मूर्तीबद्दल विचारत नाहीत.

*अटेंडंट, परिचर.* दवाखान्याची आठवण येते. "परिचर" तर गुरांच्या दवाखान्यातही असतो. सरकारी कागदावर असू द्या.

*सेवक, सेविका.* अंगणवाडी सेविकेमुळे हा शब्द ओळखीचा आहे आणि त्या कामाला मान आहे, पण मानधनही त्या शब्दाबरोबर आठवतं. शिवाय "सेवेकरी", "सेवादार" हे शब्द मठ, मंदिर, गुरुद्वारा यांचे. नांदेडला हजूर साहिबला जाऊन आलेला माणूस "सेवादार" शब्द ऐकून डोक्यावर रुमाल शोधेल. त्या ठिकाणी तो शब्द शोभतो, संग्रहालयात भलताच भाव आणतो. मराठवाड्यात देवळात गुरव, दर्ग्यात मुजावर, अशी ठिकाणाची माहिती सांगणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत आणि लोकांना त्यांच्याशी कसं बोलायचं ते पक्कं माहीत आहे. संग्रहालयातला माणूस त्यातला नाही. त्याच्यापुढे हात जोडायचे नसतात, नाणं ठेवायचं नसतं आणि त्याच्याशी वाद घालायची मुभा असते. नावातून एवढं कळलं तरी पुष्कळ.

त्याच ओघात एक बाब, जी बैठकीत कोणी मोठ्यानं बोलत नाही. जुन्या गावगाड्यात काम आणि जात एकाच शब्दात बांधलेली होती. झाडलोट, राखण, निरोप पोचवणं यांची जुनी नावं कोणाच्या तोंडी सहज येतात आणि कोणाला ती टोचतात, हे सांगायला नको. दालन झाडणाऱ्या बाईंच्या बिल्ल्यावर "स्वच्छता" किंवा "देखभाल" असं कामाचं नाव घाला आणि त्याच रंगाचा, त्याच आकाराचा बिल्ला द्या. बिल्ल्याचा आकार पदाप्रमाणे लहानमोठा करणारी संग्रहालयंही आहेत. तसं करू नका.

*स्वयंसेवक.* चांगला शब्द, पण त्याच्या मागे काय येतं ते ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. कोणाला महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजना आठवेल, कोणाला एखादी संघटना, कोणाला सभेचा मंडप. आत येणारा कुठल्याही विचाराचा असेल, त्याला दारातच बाजू निवडायला लावू नये. *कार्यकर्ता* त्याहून जड. तो शब्द ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुणाचा?"

*गाइड.* यावर थांबायला हवं, कारण नवखी मंडळी सगळ्यात आधी हाच शब्द सुचवतात. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा या ठिकाणांमुळे आपल्याकडे गाइड या शब्दाचा अर्थ पक्का झालेला आहे: परवाना असलेला, पैसे घेऊन ठिकाण दाखवणारा व्यावसायिक. केंद्रीय संरक्षित स्मारकात पैसे घेऊन पाहुण्यांना फिरवायचं तर परवाना लागतो, हे १९५९ च्या स्मारक नियमांतच आहे. तुमचं संग्रहालय अशा स्मारकाच्या आवारात किंवा दाराशी असेल आणि तुम्ही कॉलेजच्या मुलाच्या गळ्यात "गाइड" अशी पट्टी घातली, तर दोन गोष्टी होतील. पाहुणे त्याला टाळतील, कारण हा शेवटी पैसे मागणार असं त्यांना वाटेल. आणि परवानाधारक गाइड रागावतील, त्यांच्या पोटावर पाय येतोय म्हणून. त्यांचं म्हणणं बरोबर असेल.

*मार्गदर्शक.* गाइडचाच मराठी अवतार, पण त्याला पैशाचा वास नाही. अडचण इतकीच, की आपल्याकडे मार्गदर्शक म्हणजे पीएचडीचे सर किंवा कार्यक्रमात "मार्गदर्शन" करणारे पाहुणे. वीस वर्षांच्या मुलीच्या बिल्ल्यावर हा शब्द असला की निवृत्त गुरुजी तिची परीक्षा घ्यायला लागतात. आणि तिला कौतुकानं "मार्गदर्शिका" केलंत तर ती छापील पुस्तिका होते. स्त्री-पुरुष दोघांना एकच रूप वापरा: सहायक, मार्गदर्शक, मित्र.

*व्याख्याता, निरूपणकार.* पहिला कॉलेजात, दुसरा कीर्तनात. दोघांनाही एकदा सुरुवात झाली की थांबवता येत नाही. संग्रहालयाला ऐकून घेणारा माणूस हवा असतो.

*दालन सहायक.* माझं मत याला. ऐकायला भारी नाही, पण जागा कळते आणि काम कळतं. "सहायक" शब्दात नोकरीची इभ्रत आहे आणि खोटा मोठेपणा नाही. "दालन" कानाला पुस्तकी वाटलं तर "संग्रहालय सहायक" करा.

*संग्रहालय मित्र.* विनामोबदला येणाऱ्यांसाठी याच्याइतकं सोयीचं नाव मला सापडलेलं नाही. आपल्याकडे सर्पमित्र आहेत, पक्षीमित्र आहेत, पोलीस मित्र आहेत. सर्पमित्र म्हटलं की हा माणूस हौसेनं आलाय, त्याला या गोष्टीतलं कळतं, आणि तो सरकारी नोकर नाही, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तयार साचा आहे, वापरून टाका.

दुसरीकडे काय म्हणतात

उगीच नक्कल नको, पण माहीत असावं. अमेरिकेत स्वयंसेवी माहितीदारांना "डोसेंट" म्हणतात. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सनं १९०७ च्या सुमारास हे नाव रूढ केलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिकवणं. तिकडेही तो शब्द नवख्या पाहुण्याला कळत नाही अशी तक्रार असते, आणि आपल्याकडे तर नकोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये, १९६९ साली सुरू झालेल्या विज्ञान केंद्रात, तरुण मुलं "एक्सप्लेनर" म्हणून काम करतात. नाव थेट आहे. कोचीच्या बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायच्या कलाप्रदर्शनात, "आर्ट मीडिएटर" असतात. जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात २०२२ साली दालनातल्या वाटाड्यांना "सोबत-सोबत" म्हणत. शब्द इंडोनेशियन, अर्थ मित्रमंडळी, आणि आपल्या सोबतीचा लांबचा भाऊबंद.

डिस्ने पार्कात झाडूवाल्यापासून सगळ्यांना "कास्ट मेंबर" म्हणतात, हे व्यवस्थापनाच्या शिबिरात तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. ऐकून घ्या आणि सोडून द्या. तिथं सगळा खेळच नाटकाचा आहे. तुमच्याकडे ठेवलेली हस्तिदंताची बाहुली खरी आहे.

विनामोबदला येणाऱ्यांची नावं

यांच्यात तीन प्रकारची माणसं येतात आणि तिघांना नावाकडून वेगळं काही हवं असतं.

निवृत्त शिक्षक आणि अधिकारी. यांना "मानद" हवं असतं. द्यायला हरकत नाही, पण मुदत घालून द्या. "मानद मार्गदर्शक, एक वर्ष" असं पत्र असलं की पुढच्या वर्षी कोणाला दुखावल्याशिवाय बदल करता येतो. मुदत नसलेलं मानद पद फोटोला हार घातल्यावरच रिकामं होतं. बिल्ल्यावर मात्र त्यांच्याही "संग्रहालय मित्र" असू द्या. लोक त्यांना गुरुजीच म्हणणार आहेत.

विद्यार्थी. यांना पुढे नोकरीच्या अर्जात दाखवायला प्रमाणपत्र लागतं. तिथं "संग्रहालय मित्र" एवढंच लिहून भागत नाही. लातूर-पुण्याच्या मुलाखतीत समोरच्याला त्यातून काही कळत नाही. प्रमाणपत्रात नावाखाली दोन ओळी कामाच्या लिहा: किती महिने, कोणत्या दालनात, शालेय गटांना माहिती दिली की वस्तूंच्या नोंदी केल्या. इंग्रजी प्रत मागितली तर "म्युझियम व्हॉलंटियर" पुरे.

तिसरी हौशी मंडळी: नाणी जमवणारे, किल्ले फिरणारे, कंधार-परांडा-नळदुर्ग पाठ असलेले. यांना नावाचं काही पडलेलं नसतं, वस्तू जवळून बघायची असते. त्यांच्यासाठी अधिकारांच्या यादीत "कपाट उघडणे: नाही" ही ओळ ठळक लिहा.

आणि पगारी माणसाचं नाव विनामोबदला माणसाला देऊ नका, कधीच. दोघंही "दालन सहायक" झाले, की वर्षभरात कोणीतरी हिशेबनीस विचारतो, हे फुकटात होतंय तर पगार कशाला? शिवाय ठरलेली वेळ, सक्तीची हजेरी, रजेचा अर्ज असं सगळं लावलंत तर तो नावापुरता मित्र राहतो. कामगार कायद्याच्या नजरेत त्याला काय म्हणतील, ते वकिलाला आधीच विचारून ठेवा.

हाक मारून पाहा

निवडलेली दोन-तीन नावं घेऊन ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांच्यासोबत बसा. विश्वस्तांबरोबर नंतर. त्यांना एकच विचारा: घरी, सोयऱ्यांत, "काय करता?" असं विचारलं तर हे नाव सांगाल का? सोयरीक जुळवताना पदनामाला जे वजन असतं ते कुठल्याच मानव संसाधन विभागाला माहीत नसतं. मुलीच्या बापापुढे "वॉचमन" म्हणायचं नसतं म्हणून "म्युझियमला आहे" एवढंच सांगणारी माणसं पुष्कळ आहेत.

मग बोलून पाहा. पण समोरासमोरच्या हाकेवर नाव तोलू नका. समोर आल्यावर लोक मामा, काका, ताई, मॅडम, सर हेच म्हणणार, आणि ते थांबवायची गरज नाही. पदनामाची वेळ येते ती माणूस समोर नसताना. फोनवर: "सहल आणायची आहे, कोणाशी बोलू?" "संग्रहालय सहायकांशी बोला." पोर हरवल्यावर: "जवळच्या दालन सहायकाला सांगा." अभिप्राय वहीत: "दालन सहायकांनी छान माहिती दिली." रागात: "तुमचा तो दालन सहायक कुठाय?" ही चारही वाक्यं जीभ न अडखळता म्हणता आली, तर नाव पास. "अभ्यागत सुविधा समन्वयक" घेऊन म्हणून पाहा, पोर तोवर एसटीत बसून गेलेलं असेल.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीसारख्या शहरांत हीच वाक्यं हिंदी-दखनी बोलणाऱ्याच्या तोंडूनही ऐकून घ्या. "सहायक" आणि "मदद" दोन्हीकडे चालतं. "अभ्यागत" कुठेच चालत नाही.

बिल्ल्यावर काय, किती मोठं

माणसाचं नाव मोठं, पदनाम खाली लहान, संस्थेचं चिन्ह त्याहून लहान. सहसा उलट छापतात. चष्मा नसलेल्या आजोबांना चार हातांवरून वाचता यायला हवं.

आडनाव घालायचं का? आपल्या भागात आडनाव वाचलं की समोरचा मनातल्या मनात जात आणि धर्म लावून मोकळा होतो, आणि त्यावरून प्रश्न विचारायचा सूरही बदलतो. स्त्री कर्मचाऱ्यांना आणखी एक त्रास: पूर्ण नाव वाचून संध्याकाळी इन्स्टाग्रामवर विनंत्या येतात. म्हणून फक्त पहिलं नाव छापा, किंवा प्रत्येकाला स्वतःचं ठरवू द्या. वयानं मोठ्या माणसांना नुसतं पहिलं नाव उद्धट वाटत असेल तर "राव", "ताई" जोडायला हरकत नाही. तक्रारीसाठी ओळख लागते, तिला मागच्या बाजूला क्रमांक पुरतो.

सहा माणसांच्या संग्रहालयासाठी एक नमुना

समजा तालुक्याच्या गावी ट्रस्टचं संग्रहालय आहे. नोंदवही सांभाळणारे एक, दारात एक, दोन दालनांत दोघं, एक झाडलोट-देखभाल, एक रात्रीचे. शिवाय आळीपाळीनं येणारे चार-पाच हौशी. नावं अशी: अभिरक्षक, स्वागत व तिकीट, दालन सहायक (दोघांनाही हेच, एकाला "वरिष्ठ" करायचं तर पगारही वरिष्ठ हवा), देखभाल सहायक, रात्र पहारेकरी, संग्रहालय मित्र. दारातल्याला "स्वागताधिकारी" करायचा मोह आवरा, कारण तो तिकीटही फाडतो.

छपाईची घाई करू नका. श्रावण-भाद्रपदात गर्दी कमी असते, तेव्हा कागदी बिल्ले लावून महिनाभर चालवा आणि वहीत पुन्हा प्रश्न लिहा. दारातल्याला इतिहासाचे प्रश्न आणि दालनातल्याला तिकिटाचे प्रश्न येत असतील, तर नाव नाही, उभं राहायची जागा बदला. दिवाळीनंतर पक्के बिल्ले करा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या शालेय सहलींना सगळं जागेवर असेल. पैठणकरांनी नाथषष्ठीच्या आधी, फाल्गुनात, एकदा उजळणी करून घ्यावी. त्या आठवड्यात मदतीला येणाऱ्या जादा माणसांना वेगळं नाव देऊ नका, मित्राचाच बिल्ला द्या आणि त्यावर तारखा लिहा.

नवे बिल्ले वाटले त्याच दिवशी दारावरचा फलक, पावतीपुस्तक, फोनवरची ध्वनिमुद्रित सूचना आणि गूगल नकाशावरची माहिती तपासा. जुने बिल्ले मोजून परत घ्या आणि कापून टाका. कंत्राट बदललं, माणूस गेला आणि बिल्ला त्याच्याचकडे राहिला, तर तो बाहेर कोणाला काय दाखवेल याचा भरवसा नाही. परतीची सही हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर घेतली की वेगळी वही लागत नाही.